सातशे रुपयांच्या काचेची बाजू

आधी कबुली देतो, मग भांडतो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी साडेसहाच्या सुमारास मी माझ्या नवव्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक फोटो काढला. आमच्या सोसायटीच्या मागे नदी आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्यांना या नदीची अवस्था वेगळी सांगायला नको. तिच्या काठावर पहाटे टेम्पो येतात आणि कुणाच्या तरी फ्लॅटच्या रिनोव्हेशनचा राडारोडा ओतून जातात. फुटक्या फरशा, विटांचे तुकडे, संडासाची जुनी भांडी. सोसायटीच्या ग्रुपवर दर आठवड्याला यावर चिडचिड व्हायची आणि दर वेळी कुणीतरी लिहायचं, ‘नंबर मिळाला पाहिजे.’

त्या सकाळी मला नंबर मिळाला. टेम्पो मागे घेऊन उभा होता, नुकतं उजाडायला लागलं होतं. मी फोन रेलिंगवर टेकवला, तीस पट झूम केला आणि बटण दाबलं. स्क्रीनवर आधी एक करडा गोळा दिसला. मग फोनने एक-दोन सेकंद विचार केला आणि गोळ्यातून नंबर प्लेट बाहेर आली. अक्षरं काळी कुळकुळीत, कडा धारदार. फोनचे पैसे वसूल झाले असं मला वाटलं. फोटो ग्रुपवर टाकला, सकाळी सात वाजता एकशे चाळीस लोकांनी माझं कौतुक केलं आणि मी अंघोळीला गेलो.

पुढचं सगळं माझ्याशिवाय झालं. कुणीतरी नंबरावरून मालकाचं अर्धवट नाव शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी एका सभासदाला तो टेम्पो चौकात उभा दिसला. टेम्पोच्या दारावर ‘माल वाहतुकीसाठी संपर्क’ आणि मोबाइल नंबर रंगवलेला होता. त्याचाही फोटो ग्रुपवर आला. मग ज्यांनी आयुष्यात कधी नगरसेवकाला फोन केला नव्हता, त्यांनी त्या माणसाला फोन केले. किती जणांनी, ते मला त्याच्याकडूनच कळलं.

तिसऱ्या दिवशी तो स्वतः आमच्या गेटवर आला. पन्नाशीचा, डोक्यावर टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गाडीची कागदपत्रं. “फोटो कुणी काढला तेवढं सांगा,” असं वॉचमनला म्हणत होता. मी खाली गेलो. त्याने भांडण केलं नाही. “दादा, एकदा दाखवा मला,” म्हणाला. मी फोन पुढे केला. त्याने चष्मा चढवला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “नंबर माझाच आहे. पण गाडी माझी नाही.”

मग त्याने बोटाने दाखवलं. त्याच्या टेम्पोवर ताडपत्रीसाठी लोखंडी सांगाडा आहे. फोटोतला टेम्पो वरून उघडा होता. एवढी मोठी गोष्ट एकशे चाळीस जणांपैकी एकालाही दिसली नव्हती, कारण सगळे नंबर वाचत होते. मीही.

तो ज्या फरशीच्या दुकानाच्या खेपा करायचा, त्या दुकानदाराने त्याला तोवर ‘थोडे दिवस थांब’ असं सांगून टाकलं होतं. मी ग्रुपवर माफी मागितली. तिला एकवीस अंगठे मिळाले. आरोपाला याच्या कितीतरी पट मिळाले होते.

*

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चूक झाली की मूळ कारण शोधायचं, हे माझ्या पोटापाण्याचं काम आहे. म्हणून मी शोधलं, आणि उत्तर मला बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात सापडलं.

प्रकाश लहान भोकातून आत येतो तेव्हा तो पसरतो. भोक जितकं लहान तितका पसारा मोठा. दोन जवळजवळचे ठिपके वेगळे दिसायचे असतील तर त्यांच्यात किमान किती अंतर हवं, हे या पसाऱ्यावरून ठरतं. सीईटीसाठी आपण ‘रॅलेचा निकष’ म्हणून पाठ केलेलं सूत्र ते हेच: प्रकाशाची तरंगलांबी भागिले भोकाचा व्यास, गुणिले १.२२. फोनच्या टेलिफोटो कॅमेऱ्याचं भोक साधारण साडेपाच मिलिमीटर धरू. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर. माझ्या गॅलरीपासून तो काठ नकाशावर मोजला तर दीडशे मीटर भरतो. हिशोब केला की उत्तर येतं, अठरा मिलिमीटर. म्हणजे दीडशे मीटरवर एकमेकांपासून अठरा मिलिमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी त्या भोकातून वेगळ्या दिसूच शकत नाहीत. मेगापिक्सेल कितीही असोत, सेन्सर कुणाचाही असो.

आता नंबर प्लेट. मोटार वाहन नियमांप्रमाणे चारचाकीच्या प्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच असतं आणि त्याच्या रेघेची जाडी १० मिलिमीटर. म्हणजे एका आकड्याच्या पूर्ण उंचीसाठी माझ्या फोनच्या हातात जेमतेम साडेतीन ठिपके होते. इंग्रजी ३ आणि इंग्रजी ८ यांच्यात फरक काय, तर डावीकडच्या दोन छोट्या कमानी, दहा मिलिमीटर जाडीच्या. तो फरक माझ्या फोनपर्यंत पोचलेल्या प्रकाशात स्पष्ट असणं शक्यच नव्हतं. त्यात उजेड कमी, हात थरथरता, नदीवरची धुरकट हवा.

तरीही फोनने मला धारदार ३ दाखवला. कुठून आणला? आठवणीतून. त्याला शिकवताना लाखो फोटो दाखवलेले असतात. धूसर काळा डाग पांढऱ्या पट्टीवर दिसला की तिथे अक्षर असतं, अक्षराच्या कडा अशा असतात, हे त्याला ठाऊक असतं. त्याने डागाच्या जागी सर्वांत शोभेल असं अक्षर काढलं. प्लेटवर ८ असावा, असं मी आज म्हणतो, पण तेही खात्रीने म्हणू शकत नाही. मालवाहू गाड्यांना सहसा वेगळी मालिका मिळते, त्यामुळे एक आकडा बदलला तरी सापडते ती दुसऱ्या कुणाची मालवाहू गाडीच. म्हणून सगळं इतकं बेमालूम जुळलं.

खात्री करायला मी नंतर एक प्रयोग केला. त्याच मापाचे आकडे कागदावर छापले, मित्राला काठावर कागद धरून उभं केलं आणि गॅलरीतून फोटो काढले. काही फोटोंत आकडे बरोबर आले. काहींत चुकले. एका फोटोत तर जगातल्या कुठल्याच लिपीत नसलेला आकडा आला. पण सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. बरोबर आणि चूक, दोन्ही आकडे तितकेच धारदार होते. कुठला कुठल्या गटातला, हे फोटोकडे बघून सांगता येत नव्हतं.

माझं भांडण नेमकं इथे आहे. चूक सगळीच यंत्रं करतात. पण या यंत्राने स्वतःची शंका पुसून टाकली, आणि वर त्याला ‘झूम’ म्हटलं.

*

हे नवं नाही. २०१३ साली डेव्हिड क्रीसेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनर मशिन्स कागदावरचे आकडे बदलतात. एका इमारतीच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती: १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅन केलेल्या प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३ आलं. फाईल लहान करण्यासाठी मशिन सारखे दिसणारे तुकडे शोधायचं आणि एकच तुकडा सगळीकडे चिकटवायचं. आकडे धूसर होत नव्हते, स्पष्ट आणि सुबक चुकत होते. जगभर गोंधळ झाला, कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावं लागलं. तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने मान्य केलं, की स्कॅनरने असं करता कामा नये.

मग दहा वर्षांनी, मार्च २०२३मध्ये, सॅमसंगच्या फोनवर चंद्राचा वाद झाला. एकाने चंद्राचा फोटो घेतला, तो १७० बाय १७० पिक्सेल इतका लहान केला, वर आणखी धूसर केला. मग तो मॉनिटरवर लावून, खोलीत अंधार करून, लांबून फोनने त्याचा फोटो काढला. मॉनिटरवरच्या चित्रात जो तपशील उरलाच नव्हता तो फोनच्या फोटोत उगवला. कंपनीने खुलासा केला की फोन चंद्र ओळखतो आणि तपशील सुधारतो. या खेपेस लोकांनी काय म्हटलं? बऱ्याच जणांनी म्हटलं, मग काय झालं, चंद्र तर तसाच दिसतो ना!

वरचाच हिशोब चंद्राला लावून बघा. चंद्राचा आकाशातला व्यास साधारण अर्धा अंश. साडेपाच मिलिमीटरच्या भोकातून त्या व्यासावर पंचाहत्तरच्या आसपास ठिपके वेगळे दिसतील. चंद्र आहे ३,४७४ किलोमीटरचा, म्हणजे एका ठिपक्यात सेहेचाळीस किलोमीटर. टायको नावाचं प्रसिद्ध विवर पंच्याऐंशी किलोमीटरचं आहे, ते दोन ठिपक्यांत संपलं. त्याहून बारीक जे काही फोटोत दिसतं, ते आकाशातून आलेलं नाही.

चंद्राचं ठीक आहे. तो एकच आहे, आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो आणि त्याची कुणी बदनामी करत नाही. पण २०१३ ते २०२३ या दहा वर्षांत आपण एक मोठी गोष्ट सोडून दिली. स्कॅनरकडून जी अपेक्षा होती ती आपण कॅमेऱ्याकडून ठेवेनासे झालो. कागदावरचा आकडा बदलला तर तो दोष, आणि रस्त्यावरचा आकडा बदलला तर ते फीचर.

*

आता त्या काचेबद्दल.

या प्रकारानंतर मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून फोनला लावायची एक टेलिफोटो लेन्स आणली. सातशे रुपये. चिमटा, त्यावर चार बोटं लांबीची नळी, पुढच्या काचेचा व्यास पंचवीस मिलिमीटर. नळीवर ‘८ एक्स’ आणि ‘४के एचडी’ असं छापलं होतं. काचेला पिक्सेल नसतात, त्यामुळे ‘४के काच’ ही ‘पाचवी पास गाय’ यासारखी गोष्ट आहे. दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, “छापलं नाही तर कुणी घेत नाही.”

फोटोग्राफी करणाऱ्या मित्रांना दाखवली तर ते हसले. त्यांचं म्हणणं ठरलेलं आहे: हे खेळणं आहे, कडेला जांभळ्या-हिरव्या झालरी येतात, कोपरे काळे पडतात, त्यापेक्षा पैसे साठवून चांगला कॅमेरा घे. या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांना मी आणखी दोन जोडतो. चिमटा सरकतो, आणि फोनचं कव्हर दर वेळी काढावं लागतं. पण पक्ष्यांचे फोटो काढायला लागतो तसा कॅमेरा आणि लेन्स मिळून लाखाच्या पुढे जातात, आणि ‘पैसे साठव’ हा सल्ला देणाऱ्यांचे पैसे बहुतेक वेळा आधीच साठलेले असतात. भिगवणला रोहित पक्षी बघायला आलेल्या शाळेच्या सहलीतल्या मुलीला तुम्ही काय सांगणार? घरी जा, नोकरी लाग, मग ये?

पण माझी बाजू फक्त स्वस्ताईची नाही. ती प्रकाशाची आहे. भोक साडेपाच मिलिमीटरचं आहे, हा फोनचा मूळ प्रश्न. सॉफ्टवेअर ते भोक मोठं करू शकत नाही. काच करू शकते. पंचवीस मिलिमीटरचं तोंड असलेली नळी कॅमेऱ्यापुढे नीट बसवली, की हिशोबात पंचवीस मिलिमीटर घालता येतात. दीडशे मीटरवर अठराऐवजी चार मिलिमीटर. सातशे रुपयांची काच हा कागदावरचा आकडा गाठत नाही, हे मीच सांगतो. पण तिने त्याच्या निम्मं जरी गाठलं, तरी आठ मिलिमीटर, आणि नंबर प्लेटची रेघ आहे दहाची. चांगल्या उजेडात, फोटोच्या मधल्या भागात, प्रयोगाच्या कागदावरचा ८ मला ८ दिसला. कडेला ठेवला तर झालरींत बुडाला. पण तो ३ कधीच झाला नाही.

या यंत्राचं मूळही जुनं आहे. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चंद्र पाहिले ते अशाच नळीतून: पुढे फुगीर काच, मागे खोलगट काच, चित्र सुलटं. पुढच्याच वर्षी, १६११मध्ये, केप्लरने आपल्या पुस्तकात दोन्ही फुगीर काचांची रचना मांडली. तिच्यात चित्र उलटं दिसतं. गेल्या वर्षा-दोन वर्षांत मोठ्या फोन कंपन्याही या नळीकडे परतल्या आहेत. २०२५मध्ये विवोने एक्स २०० अल्ट्रासोबत झाईसचं नाव असलेला २.३५ पटीचा टेलिकन्व्हर्टर आणला. त्याच वर्षी ओप्पोने फाइंड एक्स ९ प्रोसाठी हॅसलब्लाडचं नाव असलेला ३.२८ पटीचा. तिथे केप्लरसारखी उलटी येणारी प्रतिमा फोन सॉफ्टवेअरने सुलटी करून दाखवतो. सॉफ्टवेअरचं असं काम मला मान्य आहे. त्याने चित्र फिरवलं, त्यात भर घातली नाही. आणि गंमत बघा, जो उद्योग आपल्याला शंभर पट झूम विकत होता, त्यालाच शेवटी आपल्याला काच विकावी लागते आहे. म्हणजे भोकाचं गणित त्यांनाही ठाऊक होतं.

*

माझ्या विरोधात एक खरा मुद्दा आहे आणि तो माझ्याच व्यवसायातले लोक मांडतात. ते म्हणतात, तुझा ‘शुद्ध प्रकाश’ कुठेच नसतो. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे साध्यात साध्या डिजिटल फोटोतही दोन तृतीयांश रंग अंदाजाचा असतो. मग शंभर पट झूमवरच राग का?

कारण अंदाज आणि अंदाज यांत फरक असतो. शेजारच्या पिक्सेलवरून भरलेला रंग त्याच दृश्यातून आलेला असतो, त्याच क्षणी, त्याच टेम्पोवरून. २०१८मध्ये गूगलने पिक्सेल ३ या फोनमध्ये हाताच्या थरथरीचा उपयोग करून अनेक फोटोंतून एक स्पष्ट फोटो बनवायची युक्ती आणली. तीही मला मान्य आहे, कारण तो प्रत्येक फोटो समोरच्या गोष्टीचाच असतो. माझ्या फोनने जो ३ काढला तो मात्र माझ्यासमोरच्या टेम्पोचा नव्हता. तो त्याने आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या प्लेट्सचा मिळून बनलेला ३ होता. डोळे बारीक करून ‘बहुतेक आठ असेल’ म्हणणारा साक्षीदार वेगळा, आणि न बघता, इतर खटल्यांत जे ऐकलं ते ठणकावून सांगणारा वेगळा.

दुसरं, काचही खोटं बोलते, असं कुणी म्हणेल. सरळ रेषा वाकवते, रंग फाडते. हो, पण दर वेळी तशीच वाकवते. बुद्धिबळाच्या पटाचा फोटो काढा, रेषा किती वाकल्या ते मोजा, आणि पुढच्या प्रत्येक फोटोत तेवढीच उलटी वाकवा. काचेची खोड कायम असते, म्हणून ती दुरुस्त करता येते. बनवलेल्या तपशिलाला खोड नसते. तो दर वेळी नवा असतो, म्हणून त्याला उलटं करायचा रस्ता नाही.

आणि कायदा आपल्याला वाचवेल असं समजू नका. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाईलचा हॅश नोंदवायचा असतो. हॅश म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसा, एक बिट बदलला तरी तो बदलतो. उत्तम तरतूद आहे. पण ती एवढंच सांगते, की फाईल तयार झाल्यानंतर कुणी तिच्याशी छेडछाड केलेली नाही. माझ्या टेम्पोच्या फोटोचा हॅश अगदी बिनचूक निघाला असता. खोटा आकडा नंतर घातलेला नव्हताच. तो फोटोसोबतच जन्मला होता.

यात माझाही हात आहे, थेट नसेल, पण आहे. मी कॅमेऱ्यावर काम करत नाही. पण माझ्या आधीच्या नोकरीत आम्ही बिलांच्या फोटोंवरून रक्कम वाचणारं सॉफ्टवेअर बनवायचो. मॉडेल प्रत्येक आकड्यासोबत स्वतःची खात्री किती हेही सांगायचं: अमुक टक्के. पहिल्या आवृत्तीत आम्ही कमी खात्रीचे आकडे पिवळ्या रंगात दाखवले. ग्राहकांच्या तक्रारी आल्या, ‘इतकं पिवळं का?’ मीटिंगमध्ये ठरलं, पिवळा काढून टाका. तो बदल मी स्वतः केला. कोडच्या चार ओळी. आकडे तितकेच चुकत राहिले, तक्रारी मात्र थांबल्या. फोनच्या कॅमेऱ्यात काय झालं असेल याची कल्पना करायला मला फार कष्ट पडत नाहीत. धूसरपणा म्हणजे कॅमेऱ्याचा पिवळा रंग होता. लोकांना तो आवडत नव्हता, म्हणून कुणीतरी चार ओळी लिहिल्या.

*

मागण्या फार मोठ्या नाहीत.

कॅमेरा बनवणाऱ्यांकडे एक बटण मागतो: ‘जेवढा प्रकाश आला तेवढंच दाखव.’ ते मेनूच्या सातव्या पानावर नको, झूमच्या शेजारी हवं. आणि जिथे तपशील बनवलेला आहे तिथे फोटोवर तसं लिहा. हे अशक्य नाही. गूगलने २०२५मध्ये पिक्सेल १० प्रोच्या शंभर पट झूमसाठी चित्र बनवणारं एआय वापरलं, पण मूळ फोटोही सोबत ठेवला आणि फोटो कसा तयार झाला याची नोंद फाईलमध्ये जोडायची सोय केली. ती नोंद ग्रुपवर फॉरवर्ड होताना टिकते का, हा पुढचा झगडा आहे. पण नोंद करता येते, हे तरी सिद्ध झालं.

लेन्स विकणाऱ्यांनी काचेवर ‘४के’ छापणं बंद करावं. तुमची वस्तू प्रामाणिक आहे, तिला खोटा कपडा कशाला घालता?

मोठे कॅमेरेवाले हो, त्या मुलीच्या हातातल्या नळीला हसू नका. ती मुलगी निदान खरा प्रकाश गोळा करते आहे. तिला एवढं शिकवा: नळी नेमक्या कॅमेऱ्यासमोर बसव, कारण फोन उजेड कमी झाला की गुपचूप दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो. रॉ फोटो काढता येतील असं अॅप वापर. फोकस लॉक कर. फोन कशावर तरी टेकव आणि दोन सेकंदांचा टायमर लाव. झूमचं बटण विसर. पक्षी ओळखू आला नाही तर वहीत ‘ओळखता आला नाही’ असं लिही. ती नोंदही कामाची असते.

आणि आपल्या सगळ्यांकडे, म्हणजे ग्रुपवरच्या एकशे चाळीस जणांकडे: झूम केलेल्या फोटोतला चेहरा किंवा नंबर हा पुरावा नाही. तो फोनचा अंदाज आहे. त्याच्या जोरावर कुणाला फोन करण्याआधी निदान गाडी बघा, नुसता नंबर वाचू नका.

परवा पहाटे पुन्हा एक टेम्पो आला. मी चिमटा लावला, नळी बसवली, फोन रेलिंगवर टेकवून फोटो काढला. कोपरे काळे, कडेला जांभळी झालर, मध्ये टेम्पो. वरून उघडा, मागचं फाळकं निळं, डाव्या बाजूला पोचा. नंबर प्लेटवर चिखल होता. ठिकाण, वेळ आणि हे वर्णन लिहून मी महापालिकेकडे तक्रार केली आणि फोटो ग्रुपवर टाकला.

लगेच विचारणा झाली, ‘नंबर?’

मी लिहिलं, ‘दिसत नाही.’

यावर एकही अंगठा आला नाही. त्या दिवशी कुणाला फोनही गेला नाही.